ह्यांच्या मापाची खुर्ची

माणसानं खुर्चीत कसं बसावं हे मला आता कोणी शिकवायला येऊ नये. गुडघे आणि कंबर एका पातळीत, तळवे पूर्ण टेकलेले, कमरेच्या खोलगट भागाला मागून आधार, आणि कोपर आपसूक जिथं येतं तिथं खुर्चीचे हात. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. एवढं शहाणपण १९८३ सालीच माझ्याकडे होतं. अक्कल नव्हती, आणि म्हणून जे झालं ते आज सांगायला बसले आहे.

आम्ही मद्रासजवळ आवडी गावात सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. माझं माहेर मिरजेचं. लग्न होऊन आले ती थेट मद्रासलाच, आणि तमिळ शिकता शिकता केस पांढरे झाले. आमचे हे, रत्नाकर घाटपांडे, मद्रासमधल्या एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. कुठल्या कचेरीत ते विचारू नका, तिचीच पेन्शन अजून खातोय. काम पुलांचे नकाशे काढायचं. इंजिनिअर आकडे देणार आणि हे ते बोर्डावर वाकून कागदावर उतरवणार. एक रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडायची, पण ह्यांची चुकत नसे.

एकदा रविवारी समुद्र बघायला आम्ही बसनं कोवलमला चाललो होतो. वाटेत चार गाळ्यांचा एक लहानसा पूल आला, तर हे आमच्या लेकीला, शैलाला म्हणाले, हा मी काढला. बांधला नव्हे हो, काढला. एरवी शब्द मोजून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी परत येईपर्यंत त्या पुलाचे खांब किती खोल गेलेत आणि पाणी कुठून वळवलंय हेच चाललं होतं. शैला कंटाळून झोपली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण नवरा एवढा बोलतोय म्हणून मी ऐकत राहिले.

आता त्या कचेरीची तऱ्हा सांगते. तिथं माणूस खुर्चीवरून ओळखायचा. कारकुनाला लाकडी खुर्ची, बिनहातांची. ड्राफ्ट्समनला उंच स्टूल, त्याला ना पाठ ना हात. हेड ड्राफ्ट्समन झालं की हातांची खुर्ची, वेतानं विणलेली. त्याच्यावर साहेब मंडळी, त्यांची फिरती खुर्ची आणि तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल. हे कोणाच्या मनातलं नव्हतं, कोणत्या हुद्द्याला कुठलं सामान ह्याचा छापील तक्ताच होता. हेड ड्राफ्ट्समन रामस्वामी चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात रिटायर होणार होते आणि त्यांच्या जागेसाठीच्या यादीत ह्यांचं नाव पहिलं होतं. दीड-पावणेदोन वर्षांचा प्रश्न होता. तोवर स्टूल.

त्या स्टुलावर ह्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती. आधी संध्याकाळी नुसती कंबर धरायची. मग सकाळीही धरायला लागली. गाडीत बसायला जागा मिळाली तरी हे उभे राहायचे, कारण बसलं की उठता येत नसे. घरी आले की जमिनीवर उताणे पडून पाय ट्रंकेवर ठेवायचे. वहाणा मी घालून देत होते. त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये एक दिवस आवडी स्टेशनच्या जिन्यावर अर्ध्यात बसले ते तासभर उठलेच नाहीत. शेजारच्या कोणीतरी मला येऊन सांगितलं. मी धावत गेले, तर हे पायरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांना वाट करून देत होते. मला रडण्याआधी राग येतो, ही माझी जुनी खोड. तिथंच मी त्यांना बोल बोल बोलले.

दुसऱ्या दिवशी धरून डॉक्टर चंद्रमौळींकडे नेलं. हाडांचे डॉक्टर, सरकारनं नेमून दिलेल्या यादीतले. माणूस भला. एक्स-रे बघून म्हणाले, मणक्यांमधल्या गाद्या झिजल्यात, ऑपरेशन नको, गोळ्यांनीही फारसं होणार नाही, आधी ते स्टूल बदला. मग चिठ्ठीच्या पाठीमागे त्यांनी खुर्चीचं चित्र काढलं. ह्यांना ते बघवेना. डॉक्टरांकडून पेन्सिल मागून घेतली आणि तीच खुर्ची मापात काढून दिली, बाजूनं आणि समोरून. बोर्ड उंच असतो, तेव्हा खुर्चीही उंच हवी, पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली आडवी दांडी हवी, पाठ किती कलती हवी, सगळं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, आता मला काही सांगायचं उरलं नाही.

खुर्ची शोधायला आम्ही मूर मार्केट पालथं घातलं. बसून बघायचं, उठायचं, पुढची. एक खोल, तिच्यात हे बुडायचे. एक रुंद, तिचे हात कोपराला लागत नव्हते. शेवटी मी आवडीतल्या सुब्बा आसारीला गाठलं. आसारी म्हणजे सुतार. त्यानं टेप काढलाच नाही. अंगणात विटा रचल्या, वर फळी ठेवली आणि ह्यांना बसवलं. पायाखाली पाटाच्या फळ्या एकावर एक ठेवल्या आणि एकेक काढत गेला. हे नको, हे नको, आता बरं, म्हणत होते. कमरेमागे माझं एक जुनं लुगडं गुंडाळून त्यानं वर-खाली सरकवलं, आणि ह्यांनी डोळे मिटले तिथं कोळशानं भिंतीवर खूण केली. अर्धा दिवस गेला ह्यात. पंधरा दिवसांनी सागाची खुर्ची आली. हे बसले, आडव्या दांडीवर पाय ठेवले, हातांवर कोपरं टेकली. मग म्हणाले, विमल, हिच्यावर बसून मी अजून दहा वर्षं काढीन. मी आत जाऊन डोळे पुसले.

आणि ती खुर्ची कचेरीच्या फाटकावरून परत आली. टेम्पोतून पाठवली होती. पहारेकऱ्यानं विचारलं, ही सरकारी यादीत आहे का? नाही. खासगी सामानाला परवानगी आहे का? नाही. आणि हात असलेली खुर्ची ड्राफ्ट्समनला कशी? तिचे हात बघायला वरून दोन माणसं खाली आली म्हणे. सुब्बाला कळलं तेव्हा तो म्हणाला, हात कापून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. पण उठताना हातांवर जोर देता यावा म्हणून तर डॉक्टरांनी ते सांगितले होते. मी कापू दिले नाहीत.

हे म्हणाले, जाऊ दे, पुढच्या वर्षी हेड झालो की हातांची खुर्ची आपोआप येईल, तेव्हा हीच नेऊ. तोवर कळ काढतो. कळ काढतो म्हणे. वहाणा घालायला वाकता येत नव्हतं आणि कळ काढणार. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, हे मी बघते. आणि इथून पुढचं सगळं मी बघितलं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण मला थांबायचं नव्हतं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं की खास बाब म्हणून परवानगी मिळते, असं कळलं होतं. मेचं ऊन, इथले लोक त्याला कत्तिरी म्हणतात, त्या उन्हात डांबर वितळतं. त्यात मी आवडीहून बस बदलत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी साधं लिहून दिलं, पाठीचा त्रास आहे, आधाराची खुर्ची मिळाल्यास बरं. तो कागद आठ दिवसांत परत आला. शेरा होता, तक्त्यात बसत नाही. परत गेले, डॉक्टर परगावी. पुन्हा गेले. असे तीन आठवडे गेले.

शेवटी भेटले तेव्हा मी सरळ सांगितलं, "डॉक्टर, सरकारात साध्या कागदाला कोणी विचारत नाही. जरा जोरात लिहा."

ते म्हणाले, "किती जोरात?"

मी म्हटलं, "असं लिहा की कोणाला नाही म्हणता येणार नाही."

त्यांनी पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. दया आली असेल, किंवा मी पुन्हा पुन्हा येईन ह्याचा कंटाळा आला असेल. लिहिलं. दोष कायमचा आहे. ह्यांना बोर्डावर वाकून काम करणं शक्य नाही. पाठ आणि हात असलेली खुर्ची अत्यावश्यक. मला इंग्रजी बेताचं येतं, पण अत्यावश्यकचा शब्द मी ओळखला आणि खूश झाले. वरच्या ओळी म्हणजे मला फोडणी वाटली. सरकारी नोकरांच्या बायका आम्ही, रजेच्या अर्जात साध्या तापाचा टायफॉइड करायची सवय सगळ्यांनाच. दोन दिवसांची रजा हवी तर आजी मारायची, असा आमच्या क्वार्टर्सभरचा रिवाज. त्यात मी काही जगावेगळं केलं नव्हतं.

आमच्या शेजारी राणोजीराव राहत. तंजावरकडचे मराठे, चार पिढ्या तिकडेच, मराठी जुन्या पोथीतलं आणि चाल तमिळ. ते ह्यांच्याच कचेरीत, आस्थापना विभागात, म्हणजे नेमणुका, बढत्या, बदल्या ह्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. मी फुशारकीनं त्यांच्या बायकोला, राजसबाईंना, तो कागद दाखवला. दुसऱ्या दिवशी रविवार. राणोजीराव सकाळीच आले. हे न्हाव्याकडे गेले होते. मी कॉफी दिली. त्यांनी कागद मागून वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हा देऊं नका. आधीचा मऊ कागदच पुन्हा द्या, हळूहळू होईल. मी विचारलं, का? ते अडखळत, इकडेतिकडे बघत म्हणाले, "अम्मा, हलका कागद परत मागूं येतो. जड कागद परत मागूं येत नाही."

ह्याहून स्पष्ट त्यांना बोलता येत नव्हतं, कचेरीतला माणूस कचेरीबद्दल किती बोलणार? पण माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. यादीत ह्यांच्या खालचं नाव एकोजीचं होतं, आणि एकोजी राणोजीरावांच्या बहिणीचा मुलगा. मी म्हटलं, "हे अंथरुणाला खिळले तर तुमच्या भाच्याची सोय होईल, नाही का?" बोलले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. त्यांनी उरलेली कॉफी संपवली, पेला खाली ठेवला, हात जोडले आणि गेले.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर अर्ज ठेवला. सर्टिफिकेट टाचणीनं मागे लावलेलं. ह्यांनी चष्मा लावला, अर्ज वाचला. मी राणोजीरावांचं सांगितलं, एकोजीचंही सांगितलं, वर म्हटलं, लोक कसे असतात बघा. ह्यांनी चष्मा काढून ठेवला. सकाळी तो अर्ज घेऊन गेले, आणि त्या दिवशीच सही करून दिल्याचं संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं, जिंकलो.

ऑगस्टमध्ये हुकूम आला. हे घरी आले तेव्हा पाकीट हातात होतं. मी हिसकावून घेतलं आणि उभ्या उभ्या पहिलं कलम वाचलं. खास बाब म्हणून स्वतःची हातांची खुर्ची आणायला मंजुरी. बाई बाई, काय आनंद झाला मला. शैलाला हाक मारली, रवा भाजायला घेतला. शिऱ्यात केळं घालत होते, तर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खाली अजून दोन कलमं आहेत."

दुसरं कलम असं की वैद्यकीय मत बघता ह्यांना बोर्डाच्या कामातून मुक्त करून नकाशांच्या रेकॉर्ड रूमवर नेमण्यात येत आहे. तिसरं असं की हेड ड्राफ्ट्समनला बोर्डावरचं काम तपासावं लागतं, सबब ह्यांचं नाव त्या यादीतून काढण्यात येत आहे. शैलानं ते मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं, कारण मी पुन्हा पुन्हा विचारत होते. शिरा खाली लागला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दुसऱ्याच दिवशी चंद्रमौळींकडे धावले. म्हटलं, आता असं लिहा की हे बरे झालेत, वाकू शकतात. त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, बाई, तीन महिन्यांपूर्वी मी कायमचा दोष लिहिलाय. आज बरा झाला लिहिलं तर दोनातला एक कागद खोटा ठरतो. कुठला खोटा ते तुम्ही सांगा, मी सही करतो.

मग मी राणोजीरावांच्या दारात गेले. माझी लायकी नव्हती, पण गेले. त्यांनी आत बोलावलं, बसायला दिलं. मागे मी काय बोलले होते त्याचा एक शब्द काढला नाही. नीट समजावून सांगितलं, की हुकुमाविरुद्ध अर्ज केला तर मेडिकल बोर्ड बसेल. त्या मेडिकल बोर्डानं वाकता येत नाही म्हटलं तर घरी पाठवतील. वाकता येतं म्हटलं तर पहिलं सर्टिफिकेट कसं आणलं म्हणून चौकशी लागेल, ह्यांच्यावर आणि डॉक्टरांवरही. गप्प बसून आठ वर्षं काढली तर पगार आहे, पेन्शन आहे. ते हळू आवाजात बोलत होते आणि राजसबाई दारात उभ्या होत्या. त्यानंतर त्या माझ्याकडे वाटीभर साखर मागायलासुद्धा कधी आल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता खुर्चीचं. ती बोर्डाच्या मापानं उंच केलेली. रेकॉर्ड रूममधलं टेबल साधं, कारकुनाचं. तिथं बसलं तर गुडघे टेबलाला आपटणार. तेव्हा सुब्बाला पुन्हा बोलावलं. त्यानं पायांवर खुणा केल्या आणि करवत घेतली. हे म्हणाले, मी धरतो, हलेल नाही तर. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची आडवी धरून ठेवली आणि सुब्बानं चारही पाय एकेक करून कापले. पाय टेकायची दांडी त्या तुकड्यांबरोबर गेली. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. मला वाटलं, ह्यांनी माझ्यावर ओरडावं, काहीतरी फेकावं. त्यांनी कपडे झटकले, लाकडाचा भुसा झाडून काढला आणि सुब्बाला विचारलं, पॉलिश केव्हा करशील?

ती खुर्ची फाटकातून आत गेली. ह्या खेपेस कोणी अडवलं नाही.

रेकॉर्ड रूम इमारतीच्या मागच्या बाजूला होती. कपाटांत जुने नकाशे गुंडाळून ठेवलेले. कोणी नंबर सांगायचं, हे काढून द्यायचे, परत आला की जागेवर ठेवायचे. दिवसाला पाच-सहा. पहिले काही महिने तरुण ड्राफ्ट्समन अडलं की ह्यांच्याकडे कागद घेऊन यायचे. हे पेन्सिल घेऊन दाखवायला लागायचे. एकदा कोणीतरी साहेब तिथून जात होते, ते थांबून म्हणाले, घाटपांडे, तुम्हाला हे शक्य नाही ना? चेष्टेत म्हणाले असतील. पण तेव्हापासून हे कोणाला दाखवेनासे झाले, आणि हळूहळू पोरंही यायची थांबली.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात एकोजी हेड ड्राफ्ट्समन झाला. पेढे घेऊन आला आणि ह्यांच्या पाया पडला. गुणी मुलगा. जाताना रडला, मला समजेना मी त्याचं सांत्वन करावं की त्यानं माझं. मी बाजारातून चांगला कागद, पेन्सिली, एक लहान बोर्ड आणला, म्हटलं घरी काढा काहीतरी. त्यांनी तो बोर्ड कपाटावर ठेवला आणि म्हणाले, पुलाशिवाय काय काढू? मी पुन्हा विषय काढला नाही.

आणि पाठ मात्र बरी झाली. वर्षभरात झाली. वाकणं नाही, लोंबकळणं नाही, कमरेला आधार, तळवे जमिनीवर. चंद्रमौळींनी जे जे सांगितलं होतं ते ते खरं ठरलं. हे वहाणा आपल्या आपण घालायला लागले. गाडीत बसून यायला लागले. स्टेशनचा जिना न थांबता चढायचे. लोक म्हणायचे, विमलाबाई, तुम्ही धडपड केलीत म्हणून हो, नाहीतर माणूस अंथरुणाला लागला असता. मी हसून मान हलवायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे. आठ वर्षांत ह्यांनी मला ह्या गोष्टीवरून एक शब्द बोलून दाखवला नाही. एकदा तरी बोलले असते, तर मीही उलटून बोलले असते आणि दोघं मोकळे झालो असतो.

एक्याण्णवच्या जूनमध्ये हे रिटायर झाले. निरोपाला हार, नारळ, भाषणं. खुर्ची खासगी म्हणून त्यांच्याबरोबर घरी आली. शैलाचं लग्न होऊन ती बंगलोरला गेली होती, घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी चहा घेऊन बसलो तेव्हा मला राहवलं नाही. आठ वर्षं साठलेलं मी काढलं. म्हटलं, माझ्या हट्टापायी तुमचं काम गेलं. तुम्ही तो कागद मागे उलटून वाचला असता तर मला वेळीच थांबवलं असतंत. मला कळत नव्हतं हो, मला खरंच कळत नव्हतं.

ते म्हणाले, "वाचला होता."

मला आधी वाटलं, ते दुसऱ्या कुठल्या कागदाबद्दल बोलतायत. ते म्हणाले, त्या सोमवारी सही करायच्या आधी राणोजीरावांनी त्यांना जिन्याखाली गाठलं होतं. नियमाचं पुस्तक उघडून पानं दाखवली होती. बोर्ड जाईल, यादीतून नाव जाईल, दोन्ही सांगितलं होतं. दुपारपर्यंत अर्ज ह्यांच्या खिशात होता. मग ह्यांनी सही केली.

मी ओरडले, "मग बोलला का नाहीत? तोंडाला कुलूप लावलं होतं कोणी?"

ते चहाकडे बघत होते. म्हणाले, "तू तीन आठवडे त्या उन्हात हिंडलीस. कागद आणलास त्या दिवशी तुझे पाय सुजले होते, आणि तू किती दिवसांनी हसत होतीस. हा नको, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?" मग म्हणाले, "आणि पाठही फार दुखत होती, विमल. इतकी, की त्या दिवशी मला पुलाचं काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते बरी झाल्यावर."

मी काय करणार होते? क्षमा मागायची तर ती मागून झाली होती. भांडायचं तर कोणाशी? मी उठून कपबशा विसळल्या, त्यांच्या हातातला कप अर्धा भरलेला होता तोही घेतला. बाहेर आले तेव्हा ते तसेच बसले होते, तळवे जमिनीवर, पाठ सरळ.

ह्या गोष्टीला सहा वर्षं झाली. आज त्यांना चौसष्ट आहे. सकाळी अंघोळ करून त्याच खुर्चीत बसतात, पेपर वाचतात, जेवतात, पुन्हा येऊन बसतात. मी येता-जाता विचारते, दुखतं का हो? ते नाही म्हणतात, आणि ते खरं आहे. दिवसभर ते करत काहीच नाहीत.